किती?

भिंतीला हात लागतो, डोकं पाण्याबाहेर येतं आणि तोंडातून पहिला शब्द निघतो, "किती?" श्वास छातीत मावत नसतो, गॉगलच्या काचांवर वाफ धरलेली असते, कानांत पाणी असतं. पण काठावर स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या सरांकडे मान वळवून विचारायचं ते एवढंच. नऊ वर्षांची असताना मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि बाविसाव्या वर्षी शेवटचा. त्या तेरा वर्षांत माझ्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द बहुधा हाच असेल.

माझी शर्यत ४०० मीटर फ्रीस्टाइल. बेस्ट टायमिंग ४ मिनिटं ३१.६२ सेकंद. ते आलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यानंतर मी पाच वर्षं पोहले. आधीपेक्षा जास्त मेहनत घेतली, जास्त समजून घेतली, आणि त्या आकड्याच्या खाली पुन्हा कधी आले नाही.

खेळाडूची गोष्ट सांगताना लोक चढण सांगतात. पहाटे उठणं, पहिलं पदक, मग पुढचं. मला त्या नंतरच्या पठाराबद्दल लिहायचं आहे. आपणच आपल्या पुढे पोहून गेलेलो असतो आणि आपल्याच पाठीकडे बघत वर्षानुवर्षं हात मारायचे असतात, त्या काळाबद्दल. पोहणाऱ्यांच्या आयुष्यात हा काळ फार मोठा असतो आणि त्याबद्दल आम्ही आपसातही बोलत नाही.

आधी या शर्यतीच्या नावाबद्दल थोडं. फ्रीस्टाइल म्हणजे खरोखरच मोकळीक आहे. नियम सांगतो, हवं तसं पोहा. टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, आणि शेवटी शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला पाहिजे. सुरुवातीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर जास्तीत जास्त १५ मीटर पाण्याखालून जाता येतं, तोवर डोकं वर आलं पाहिजे. हात कसे मारायचे, पाय कसे हलवायचे, यावर एक अक्षर नाही. कुणी ४०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक मारला तरी चालेल. तरीही आठही लेनमधले आठही जण एकच गोष्ट करतात, क्रॉल. याहून वेगाने पाण्याच्या पृष्ठभागावरून जायचा मार्ग माणसाला अजून सापडलेला नाही. एक हात पाण्यात मागे रेटत असतो तेव्हा दुसरा हवेतून पुढे येतो, म्हणून ओढ मध्येच तुटत नाही. अंग कुशीवर वळत राहतं, त्यामुळे खांद्याची रुंदी पाण्याला कमी आडवी येते. लहानपणी मला या नावाचं फार अप्रूप होतं. मोकळीक दिलेली, तरी सगळे एकाच वाटेवर. पुढे कळलं की खरी निवड त्या हाताच्या आत होते, बाहेरून दिसत नाही अशा जागी.

तिला आम्ही 'पाणी पकडणं' म्हणायचो. बोटं पुढे पाण्यात शिरतात, मनगट किंचित झुकतं आणि कोपर वरच राहून तळहातापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग वल्ह्यासारखा उभा होतो. त्या क्षणी पाणी घट्ट लागायला हवं. हात मागे जात नाही, हात तिथेच रुतून राहतो आणि आपण त्याच्यावरून पुढे सरकतो, असं वाटायला हवं. ज्या दिवशी ते लागतं त्या दिवशी लागतं. ज्या दिवशी लागत नाही, त्या दिवशी तोच हात, तीच ताकद, आणि पाणी नुसतं बोटांमधून निसटतं. आठवडाभर पाण्यात उतरलं नाही तर पहिली गोष्ट जाते ती दम नव्हे, हा स्पर्श. परत आल्यावर तळहात परके वाटतात. मग मुठी मिटून पोहायचं, म्हणजे तळहाताशिवाय, नुसत्या हाताने पाणी शोधावं लागतं, आणि मुठी उघडल्या की तळहात केवढा मोठा वाटतो! आजही मला पोहण्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर मुठी उघडण्याचा तो क्षण.

बाकी सरावात बघण्यासारखं काही नसतं. तळाशी काळी रेघ, भिंतीच्या २ मीटर आधी तिला आडवी रेघ, मग भिंत. भिंतीवर मोठं घड्याळ, त्याचा लाल काटा. दहा वेळा शंभर मीटर, दर एक मिनिट वीस सेकंदांनी निघायचं. एक तेरामध्ये आलात तर सात सेकंदांची विश्रांती, एक सतरामध्ये आलात तर तीन. सकाळी ५ किलोमीटर, संध्याकाळी ५. मला ५० मीटरला साधारण बेचाळीस हात लागायचे, म्हणजे दिवसाला आठ हजारांवर. खांदा दुखतो तो यामुळे. उजव्या खांद्याने मला दोन वर्षं त्रास दिला, पण त्याच्यावर मी काही ढकलणार नाही. माझ्या बरोबरच्या मुलींपैकी बहुतेकींचे खांदे दुखत होते.

सुरुवातीची वर्षं किती उदार असतात हे तेव्हा कळत नाही. दहाव्या वर्षी दर स्पर्धेत दहा-दहा सेकंद कमी व्हायचे. उंची वाढत होती, हात लांब होत होते, टर्न सुधारत होता. सेकंद आपोआप गळत होते आणि मला वाटायचं, हे मी करते आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यातून जाताना होणारा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या. वेग १० टक्के वाढवायचा तर जवळजवळ ३३ टक्के जास्त शक्ती लागते. म्हणजे जितके तुम्ही वेगवान, तितका सेकंदाचा पुढचा प्रत्येक शतांश महाग. हे गणित मी कॉलेजात शिकले तेव्हा वर्गात बसल्या बसल्या डोळे भरून आले होते. मधली दोन वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. पाण्याचा स्वभावच तसा आहे, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

४:३१.६२ आलं त्या दिवशी मी चौथी आले. पदक नाही. पण सरांची एक वही होती आणि तीत बेस्ट टायमिंग लाल शाईने लिहायचा त्यांचा रिवाज होता. त्यांनी लाल पेन काढलं तेव्हा मला पदकाचं काही वाटलं नाही. पहिले शंभर १:०५.५, दुसरे १:०८.९, तिसरे १:०९.३, शेवटचे १:०७.९. हे चार आकडे मला आज झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ४:३३ मध्ये मला रौप्य मिळालं, घरच्यांनी फोटो काढले, आणि वहीत ते टायमिंग निळ्या शाईने गेलं. पदक आणि टायमिंग यांची वाट एकच असते असं मी तोवर धरून चालले होते.

ती वाट एक नसते याचे पुरावे मी तेव्हापासून गोळा करते आहे. जॅनेट इव्हान्सची गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी ती कागदावर उतरवून कपाटाच्या आतल्या बाजूला लावली होती. अंगाने लहान, चणीने बारीक आणि हात पवनचक्कीसारखे सरळ फिरवणारी अमेरिकन मुलगी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं, आणि १९८९ मध्ये ८०० मीटर फ्रीस्टाइल ८ मिनिटं १६.२२ सेकंदांत. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. माझ्याएवढी. तो विश्वविक्रम १९ वर्षं टिकला. २००८ मध्ये बीजिंगला रिबेका ॲडलिंग्टनने तो मोडला. विक्रम टिकला याचं सगळे कौतुक करतात. मला दिसायची ती त्याची दुसरी बाजू. जॅनेट त्यानंतर १९९६ पर्यंत पोहत होती, आणि जगातल्या इतर सगळ्यांसारखीच तीही त्या आकड्याच्या मागेच होती. १९९२ मध्ये बार्सिलोनाला तिने ८०० मीटरचं सुवर्ण पुन्हा जिंकलं, ते ८:२५.५२ मध्ये. आपल्या बेस्टपेक्षा नऊ सेकंदांहून जास्त हळू. व्यासपीठावर सगळ्यात उंच पायरीवर उभी असताना तिला ते नऊ सेकंद टोचले असतील का? मला फार वाटायचं, कधी भेटली तर हेच विचारावं.

सोव्हिएत संघाचा व्लादिमीर साल्निकोव्ह १९८० मध्ये मॉस्कोला १५०० मीटर १४:५८.२७ मध्ये पोहला. पंधरा मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस. १९८४ चं ऑलिंपिक त्याच्या देशाच्या बहिष्कारात गेलं. १९८८ मध्ये तो २८ वर्षांचा होता. त्या काळी पोहणाऱ्याला या वयात म्हाताराच म्हणत. सोलला तो १५:००.४० मध्ये पोहला आणि जिंकला. आठ वर्षांपूर्वीच्या स्वतःपेक्षा दोन सेकंद हळू. त्या रात्री तो क्रीडाग्रामाच्या भोजनगृहात शिरला तेव्हा तिथले खेळाडू उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. तिथे जेवत बसलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या जुन्या आकड्यामागे धावणं म्हणजे काय, हे ठाऊक असणार.

आणि इयन थॉर्प. माझ्याच शर्यतीचा राजा. १९९८ मध्ये पंधराव्या वर्षी ४०० मीटरचा विश्वविजेता, २००० आणि २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण. त्याचं बेस्ट ३:४०.०८ आलं ते २००२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी. चोविसाव्या वर्षी त्याने पोहणं सोडलं. २००९ मध्ये रोमला पॉल बीडरमनने ३:४०.०७ केलं, एक शतांश कमी. ते साल पॉलियुरेथेनच्या पोहण्याच्या सुटांचं होतं. त्या एका जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले आणि १ जानेवारी २०१० पासून तसल्या सुटांवर बंदी आली. बीडरमनचा दोष नव्हता, सूट सगळ्यांनाच मिळत होते. पण कापडी सुटातल्या थॉर्पच्या त्या आकड्याला मी मनातून कधीच मोडीत काढलं नाही. २०२५ मध्ये लुकास मेर्टेन्स ३:३९.९६ पोहला तेव्हा कुठे मला ती शर्यत पुढे सरकल्यासारखी वाटली.

माझं पुढे काय झालं ते सांगते. अठराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी मी प्रत्येक शर्यतीत पहिल्या शंभरात जीव काढला. त्या १:०५.५ ला मागे टाकलं की बाकीचं होईल, असं वाटायचं. होत नसे. ४०० मीटरमध्ये तिसरं शंभर फार कठीण असतं. सुरुवातीचा जोर सरलेला, शेवट दिसत नाही, मांड्यांमध्ये शिसं ओतल्यासारखं, आणि शेजारच्या लेनमधल्या मुलीचे पाय हळूहळू आपल्या डोक्यापुढे सरकताना दिसतात. तिथे मी दर वेळी कोसळायचे. सर ओरडले नाहीत. त्यांनी मला सहा महिने फक्त तिसरं शंभर पोहायला लावलं. आधी दोनशे मीटर मध्यम वेगात, घड्याळ नाही. मग शंभर, घड्याळ लावून.

विसाव्या वर्षी, एका स्पर्धेत, पहिल्या शंभरात मी मुद्दाम मागे राहिले. सहावी होते. दुसऱ्या शंभरात हात रुतायला लागले. तिसऱ्यात, जिथे दर वेळी अंधार व्हायचा तिथे, मला माझा श्वास ऐकू येत होता आणि हातांची संख्या बेचाळीसवरून हललेली नव्हती. एकेक जण मागे गेली. भिंतीला हात लावला तेव्हा मी दुसरी होते, पण ते नंतर कळलं. मान वळवली आणि विचारलं, किती?

४:३१.७०.

आठ शतांश. माझ्या वेगाने आठ शतांशांत अंतर होतं १२ सेंटीमीटर, जेमतेम अर्धी वीत. चारशे मीटर पोहून अर्धी वीत कमी पडली. सरांनी वहीत लिहिलं ते निळ्या शाईने, कारण नियम म्हणजे नियम. पण खाली स्प्लिट्स, म्हणजे दर शंभर मीटरचं टायमिंग, लिहिले: १:०६.८, १:०८.५, १:०८.६, १:०७.८. आणि त्या चार आकड्यांभोवती लाल चौकट काढली.

त्या रात्री मला झोप आली नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेत, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार असलेल्या शर्यतीत, गुन्नार लार्सन आणि टिम मॅकी यांच्यात निकाल लागला तो सेकंदाच्या हजारांशांवर, ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३. तेही चार एकतीस, हे वाचून मला उगाच जवळीक वाटली होती. त्यानंतर हजारांश मोजणं बंद झालं, आणि त्यामागे एक साधं सत्य आहे: तलाव इतका अचूक बांधताच येत नाही. ५० मीटरच्या तलावाची लेन ३ सेंटीमीटरपर्यंत जास्त लांब असलेली नियमाला चालायची. मी अंधारात हिशेब केला. ३ सेंटीमीटर म्हणजे माझ्या वेगाने दोन शतांश. चारशे मीटरमध्ये ती लेन आठ वेळा, म्हणजे सोळा शतांश. माझे दोन आकडे दोन वेगळ्या तलावांतले होते, आणि त्यांच्यात फरक होता आठ शतांशांचा. म्हणजे विसाव्या वर्षी मी सतराव्या वर्षापेक्षा खरोखर वेगाने पोहले असण्याची शक्यता होती. हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. मलाही नाही.

सकाळी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिसऱ्या शंभरात कसं वाटलं?" मी म्हटलं, "सर, श्वास ऐकू येत होता." ते हसले आणि वॉर्म-अपला उतरायला सांगितलं.

मला तेव्हा राग आला होता. मला तो लाल आकडा हवा होता. सतरा वर्षांच्या त्या मुलीपेक्षा मी चांगली पोहणारी झाले होते, याबद्दल आज माझ्या मनात तसूभर शंका नाही. तिला शर्यत कळत नव्हती. तिच्याकडे फक्त एक नवंकोरं शरीर होतं आणि ती ते उधळत होती. माझ्याकडे दुखरा खांदा होता, कॉलेजची जागरणं होती, वाढ थांबलेली उंची होती, आणि या सगळ्यातून मी अर्धी वीत सोडून तिच्यापर्यंत पोहोचले होते. टायमिंगमध्ये यातलं काहीच उमटत नाही. भिंतीवरच्या, घड्याळ थांबवणाऱ्या टचपॅडला हाताचा दाब कळतो, त्या हाताने वाटेत काय शिकून घेतलं ते नाही.

त्यानंतर दोन वर्षं आणखी पोहले. ४:३३, ४:३२, ४:३४. शेवटच्या शर्यतीत ४:३६. सर म्हणाले, "चार छत्तीस," आणि टॉवेल पुढे केला. एवढंच.

पोहणं सोडल्यावर बरीच वर्षं मी निकालही वाचत नव्हते. अमेरिकेच्या केटी लेडेकीमुळे पुन्हा वाचायला लागले. ती २०१२ मध्ये पंधराव्या वर्षी ८०० मीटर जिंकली, मग २०१६, टोकियो, पॅरिस, एकच शर्यत चार ऑलिंपिकमध्ये. पण मी जे शोधत होते ते वेगळं होतं. २०१६ मध्ये रिओला एकोणिसाव्या वर्षी ती ८:०४.७९ पोहली होती, आणि त्यानंतरची दोन सुवर्णपदकं आली ती ८:१२ आणि ८:११ मध्ये. जग म्हणत होतं, हिला हरवणारं कोणी नाही. मला माहीत होतं, आहे एक, तिच्याच नावाची. दर वर्षी मी तिचं टायमिंग शोधायचे आणि दर वर्षी तो आकडा रिओच्या मागे असायचा. मग मे २०२५ मध्ये, अठ्ठावीस वर्षांची असताना, ८:०४.१२. जवळजवळ नऊ वर्षांनी. स्प्लिट्स पाहताना माझे हात थरथरत होते. घरात सगळे झोपले होते आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते. मला जे जमलं नाही ते तिला जमलं, याचं दुःख व्हायला हवं होतं बहुधा. मला इतका आनंद क्वचितच झाला आहे.

हल्ली शनिवारी सकाळी मी सरांना मदत करायला जाते. त्यांची नजर आता अधू झाली आहे. स्टॉपवॉच ते मला देतात, वहीही. गेल्या महिन्यात लहान गटाची ४०० मीटरची चाचणी होती. एक बारा वर्षांची मुलगी आहे, लांब हातांची, अजून पाणी नीट पकडता न येणारी. तिने भिंतीला हात लावला, डोकं वर काढलं, गॉगल कपाळावर सरकवला.

"ताई, किती?"

"पाच बारा."

तिचं बेस्ट पाच नऊ होतं. मला वाटलं, तोंड पाडेल. तिने लेनच्या दोरीवर हात टाकले, दोन-तीन श्वास घेतले आणि म्हणाली, "आणि शेवटचे शंभर?"

"एक सतरा."

"तिसरे?"

मी वही उघडून काठावर बसले आणि तिच्यासमोर धरली. एक चौदा, एक वीस, एक एकवीस, एक सतरा. ती पाण्यातून अर्धी वर आली, ओलं बोट आकड्यांवरून एकेक करत खाली नेलं आणि शेवटच्यावर थांबवलं. शाई थोडी पसरली. मी वही मागे घेतली नाही.